बापाचा रकाना

पहाटे चारच्या सुमाराला गाय व्याली. उजाडल्यावर मी गोठ्यात गेलो तर काकी घमेल्यात कोमट पाणी घेऊन उभी. काय झालं म्हणून विचारलं. "पाडो," एवढंच म्हणाली आणि घरात गेली.

माझ्या लहानपणी देवगडजवळच्या जामसंड्यातल्या याच गोठ्यात पाडा झाला की आजी शेजारीपाजारी गूळ वाटायची. तीन वर्षांत जोताला आपला एक बैल उभा राहणार, पेरणीच्या दिवसांत बैलासाठी दुसऱ्याच्या दारात जावं लागणार नाही, हा त्या गुळाचा अर्थ. आता पाडी झाली तर घरात बोलणं होतं, पाडा झाला तर होत नाही. हे मला फार लागतं.

दहा वाजले तरी गाईची वार पडली नव्हती, म्हणून काकांनी डॉक्टरांना निरोप धाडला. डॉक्टर म्हणजे पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले आमच्याच वाडीतले गृहस्थ. उभी नोकरी आटपाडी, सांगोला, माण या खिलार गुरांच्या मुलखात झाली आणि म्हातारपणी गावाला परत आले. त्यांनी गाईचा ताप पाहिला, कासेला हात लावला आणि म्हणाले, "ओढायची नाही, आबा. तुटून आत राहिली तर कुजेल. संध्याकाळपर्यंत वाट बघू. मी बसतो इथंच." बाहेर आषाढाचा पाऊस कौलांवर नुसता कोसळत होता. काकांनी पेंढ्याच्या भाऱ्यावर पोतं अंथरलं, काकीनं चहा दिला, आणि त्या दोघांचं जे बोलणं झालं ते मी इथे लिहितो आहे.

सुरुवात डॉक्टरांनी केली. तांबूस रंगाचं ते ओलं वासरू चार पाय फाकवून उभं राहायला बघत होतं. डॉक्टरांनी पिशवीतून एक जाड वही काढली. "आबा, या पाड्याची नोंद करतो. कोकण कपिला, नर."

"नोंद कसली करतास? गावठी गुरां ती," काका म्हणाले. "आमी गावठी म्हणान वळखत होतांव, आता तुमी कपिला म्हणा. नाव बदालला म्हणान शेरभर दूध वाढला काय?"

"दूध वाढलं नाही. पण नाव नव्हतं तेव्हा काय होतं ते ऐका. सरकारी कागदावर कोकणातल्या गुरांना आम्ही 'नॉन-डिस्क्रिप्ट' लिहायचो. म्हणजे वर्णन नसलेली. आणि ज्याला वर्णन नाही त्याचं काय करायचं, तर संकर करायचा. जर्सी भरा, होल्स्टिन भरा. मी माझ्या हातानं भरलंय. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं या गुरांची मापं घेतली, रंग, शिंगं, वशिंड, दूध, सगळं मांडलं, तेव्हा २०१८ साली कर्नालच्या पशुधनाच्या राष्ट्रीय ब्युरोनं ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. मागोमाग गोव्यातल्या पांढऱ्या गाईला श्वेत कपिला म्हणून मान्यता मिळाली. हजार वर्षं या पावसात उभं राहिलेलं जनावर, आबा, त्याला वर्णन नाही म्हणायचं?"

काकांनी वासराच्या पाठीवर पेंढ्याचा बोळा फिरवला. उत्तर दिलं नाही.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. त्याच २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. एकाच वर्षी आमच्या दोन वस्तूंना कागदावर नाव आलं. हापूसचं नाव मुंबईच्या बाजारात पेटीवर छापलं जातं, त्यासाठी गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं, दुसरीकडचा आंबा देवगडचा म्हणून खपवला तर आमच्या जामसंड्याची आंबा उत्पादक संस्था त्याविरुद्ध उभी राहते. कपिलेच्या नावाला असं विचारणारं कोणी नाही. शिवाय हापूसनं कपिलेचं एक मोठं नुकसान केलं आहे, आणि आम्ही बागायतदारांनी ते कबूल करायला हवं. पूर्वी सडा मोकळा होता. गुरं सकाळी सोडली की कातळावरचं गवत खाऊन संध्याकाळी आपल्या पायांनी घरी यायची. कातळ फोडून कलमं लागली आणि प्रत्येकानं आपापला गडगा घातला. गुरांना चरायला उरला तो रस्ता.

डॉक्टरांचं म्हणणं नोंदीपाशी थांबणारं नव्हतं. त्यांना वंशावळीची वही हवी होती, प्रदर्शन हवं होतं, लिलाव हवा होता. "इंग्लंडमध्ये डरहॅमकडे कॉलिंग नावाचे दोन भाऊ होते. त्यांनी आखूड शिंगांची गुरं निवडून निवडून वाढवली. १८१० साली त्यांच्यातल्या एकाच्या लिलावात कॉमेट नावाचा वळू एक हजार गिनींना गेला. तोवर वळूला कोणी एवढा पैसा दिलेला नव्हता. मग १८२२ साली कोट्स नावाच्या माणसानं त्या जातीची वही छापली. कोणत्या वळूची आई कोण, बाप कोण, आजा कोण. गुरांची ती पहिली छापील वंशावळ. तिथून पुढे हेरफर्ड, अँगस, सगळ्यांच्या वह्या झाल्या. आज जगात जातिवंत जनावर विकलं जातं ते आधी वहीत बघून."

"हजार गिनी? कित्याक?"

"मांसासाठी. चांगलं मांस भरणारी पोरं त्या वळूला होतात म्हणून."

काका जरा थांबले. मग जे बोलले ते मी विसरणार नाही. "म्हणजे तेंच्याकडे पाडो झालो तर कोणाचा तोंड उतरणा नाय."

आमच्याकडे हा विषय निघाला की माणसं जमिनीकडे बघायला लागतात. बघू नये असं मला वाटतं. गाय पोसणाऱ्या प्रत्येक घराला तो विषय सोडवावा लागतो, आणि ज्यांनी गाय कधी पोसली नाही तेच त्याबद्दल मोठ्यानं बोलतात. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६च्या कायद्यानं बंदी होती. बैल आणि वळू त्यातून बाहेर होते. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती लागू झाली आणि तेही बंदीत आले. मुंबई उच्च न्यायालयानं ६ मे २०१६ च्या निकालात ही बंदी कायम ठेवली. म्हशी-रेड्यांना ती लागू नाही. मी काही गोमांसाची बाजू घ्यायला बसलेलो नाही. आमच्या घरात गाईला दिवाळीत ओवाळतात, आणि काकांच्या गोठ्यातलं एकही जनावर कधी खाटकाकडे गेलं नाही. पण काका म्हणाले ते खरं आहे. ज्या देशांत मांसासाठी जातिवंत गुरं पैदा करतात तिथे नर वासराची किंमत पहिल्या दिवसापासून ठरलेली असते. आमच्याकडे ती नांगरानं ठरवली होती. नांगर पॉवर टिलरनं नेला आणि पाड्याचा भाव गेला.

"तेच सांगतोय," डॉक्टर म्हणाले. "जनावराला भाव आणायचा तर निवड हवी. वळू निवडायचा, बाकीचे खच्ची करायचे. वर्षातून एकदा सगळ्यांनी एका मैदानावर गुरं आणायची. घोटीला, राजूरला डांगी गुरांची प्रदर्शनं भरतात. इगतपुरी-अकोल्याकडचा पाऊस आपल्याइतकाच. त्या लोकांनी डांगीच्या तेलकट कातडीचं महत्त्व ओळखलं आणि ती जात धरून ठेवली. आमच्या खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत, पंढरपूरच्या कार्तिकीत, पुसेगावला, खिलार बघायला माणूस लोटतो. आदत खोंड, दुसा, चौसा, जुळलेला, एकेक दात बघून भाव. टॉवेलाखाली हेडे बोटं दाबतात आणि बाजूला उभ्या असलेल्या मालकालासुद्धा कळत नाही सौदा किती हजारांवर आला."

हे सांगताना डॉक्टरांनी खरोखरच खांद्यावरचा टॉवेल काढला, काकांचा हात त्याखाली घेतला आणि बोटं दाबून दाखवली. चार बोटं, मग एक. काकांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू आलं. आयुष्यभर गुरं ठेवलेल्या त्या माणसानं कधी घाटावरचा बाजार पाहिलेला नव्हता. कोकणात बैल असा विकलाच जात नाही. सोयऱ्याकडून सोयऱ्याकडे जातो, आणि जाताना त्याच्या गळ्यातली घंटासुद्धा बरोबर देतात.

"आता माझा ऐका," काका म्हणाले आणि हात सोडवून घेतला. "प्रदर्शनात बैल उभो करतत. पुसतत, तेल लायतत, शिंगां रंगवतत. उभो ऱ्हवलेलो बैल काय सांगता? कायच नाय. नांगरणीच्या स्पर्धेत बघा. थय दोन गट असतत, घाटी आणि गावठी. घाटी बैल उंच, बघूक राजो. पण कुणग्यात उतारलो की रुतता. आमचो गावठी बारको, अंगान हलको, खूर लहान आणि दगडासारखो. बांधाक न लागता वळता. चार म्हयने पावसात भिजता आणि खुराक कायच होणा नाय. ह्या कोणी निवडल्यान? वहीन? चिखलान निवडल्यान."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्यात चिखलनांगरणीच्या स्पर्धा होतात. भरलेल्या शेतात जोडी उतरवतात, आखलेल्या मार्गावरून नांगर धरून पळवतात, कमी वेळात जो परत येईल तो जिंकतो. गावठी बैलांचा गट वेगळा असतो, आणि गावठीच्या गटात घाटी रक्ताचा बैल घुसवला असा संशय आला की तिथं भांडण होतं. माझ्या मते कपिलेचं खरं प्रदर्शन हेच. या जातीच्या गुणांची परीक्षा दुसरीकडे कुठेच होत नाही. पण तिथे जिंकलेल्या बैलाची आई कोण, त्याचे भाऊ कुठे आहेत, हे कोणी टिपून ठेवत नाही. ढाल घरात जाते आणि बैल खच्ची असल्यामुळे त्याचं रक्त त्याच्याबरोबर संपतं.

डॉक्टर प्रामाणिक माणूस. काकांच्या मुद्द्याला पाठिंबा देणारी गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली. "आबा, तुम्ही म्हणता ते अमेरिकेत घडलेलं आहे. १९४०-५० च्या सुमाराला तिथल्या प्रदर्शनांत बुटकं, गोल, जमिनीलगतचं जनावर परीक्षकांना आवडायला लागलं. सगळे तसलेच वळू वापरायला लागले. मग हेरफर्डमध्ये, अँगसमध्ये बुटबैंगण वासरं जन्माला यायला लागली. मोठं डोकं, श्वास घेताना घरघर, जगायची नाहीत फार. ज्या वळूंना बक्षिसं मिळाली त्यांच्याच रक्तात तो दोष लपलेला होता."

"बघा!"

"पण तो दोष शोधला कशावरून? वहीवरून. कोणत्या वळूच्या घराण्यात असली वासरं होतात ते वंशावळी उलटून काढलं आणि ती घराणी पैदाशीतून बाद केली. वही नसती तर कळलंच नसतं."

यावर काका बोलले नाहीत. त्यांनी उठून गाईच्या मागं जाऊन पाहिलं. वार लोंबत होती, पण सुटली नव्हती. कोमट पाण्यात गूळ आणि थोडं मीठ घालून त्यांनी तिच्यापुढे ठेवलं. ती प्यायली. आम्हाला सगळ्यांनाच बरं वाटलं.

मग गाडी खिलारवर गेली. बैलांच्या शर्यतींवर ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बंदी आणली ती डिसेंबर २०२१ पर्यंत राहिली, आणि १८ मे २०२३ च्या निकालानं शर्यती कायद्याच्या चौकटीत कायम झाल्या. मधल्या सात वर्षांत डॉक्टरांनी माणदेशात चांगल्या चांगल्या घरांतले खोंड मातीमोल भावानं जाताना पाहिले होते. "गाई तर कोणी ठेवीनात. खिलार गाय दूध देते ती वासरापुरती. तिला ठेवायचं ते खोंडासाठी. खोंडाला पळायला मैदान नाही म्हटल्यावर गाय कशाला? आणि शर्यती सुरू झाल्या तसे तेच खोंड लाखांत गेले." ही गोष्ट ऐकताना मला जे इतके दिवस नीट मांडता येत नव्हतं ते समोर आलं. जात टिकते ती कोणाचं तरी काम तिच्यावाचून अडतं म्हणून. इंग्लंडात ते काम मांसाचं, माणदेशात शर्यतीचं. आंध्रातलं ओंगोल घ्या. नांगरा-गाड्याचं ते जनावर ब्राझीलला नेलं, नेल्लोरवरून तिथे त्याचं नाव नेलोरे पडलं, आणि ऊन आणि गोचीड सोसतं म्हणून ब्राझीलचा गोमांसाचा बराचसा व्यवहार त्याच्या पाठीवर उभा राहिला. २०२३ साली वियाटिना-१९ नावाच्या नेलोरे गाईच्या एक-तृतीयांश मालकीचा लिलाव झाला त्या हिशेबानं तिची पूर्ण किंमत चाळीस लाख डॉलरच्या वर जाते. आपल्या रक्ताची गाय, आणि तिची वंशावळ पोर्तुगीज भाषेत लिहिलेली.

आमच्या सिंधुदुर्गातही मांसासाठी जपलेली एक जात आहे. कोकण कन्याळ शेळी. काळ्या अंगावर पांढरे पट्टे, लांब पाय, पावसाला न कंटाळणारी. कुडाळजवळ निळेलीला विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर तिची पैदास होते, बोकड निवडून देतात. काकीकडे अशा तीन आहेत. कन्याळीला बोकड झाला तर काकी गप्प बसत नाही, ती त्याचं वजन करते.

"मगे ह्या पाड्याचा काय?" काकांनी शेवटी विचारलंच. सकाळपासून तो प्रश्न गोठ्यात बसून होता.

डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी लिंगनिवड केलेली रेतमात्रा वापरू. दहातली नऊ वासरं पाड्या होतात."

"सगळीकडे पाड्योच झाल्यो तर सांड खयसून येतलो?"

"प्रक्षेत्रावरून. उणे १९६ अंशांच्या नळकांड्यातून."

"डॉक्टरांनू, एकदा तुमच्याच नळकांड्यातसून माझ्या गाईक जर्सी दिल्यानी. गावठी मागितलेलंय, जर्सी दिल्यानी. वासरू मोठा होता, गायीच्या अंगात मावना. दोघांय गेली." काका हे चढ्या आवाजात बोलले नाहीत. ती गाय मला आठवते. मी तेव्हा नववीत होतो. कुठल्या दवाखान्यातून ती मात्रा आली होती ते आता उगाळण्यात अर्थ नाही, पण त्या दिवसापासून काकांनी रेतनाला नाही म्हटलं ते आजपर्यंत.

डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लहान गाईला मोठ्या जातीचं रेतन करायला नको होतं. चूक आमच्या लोकांची." मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी फार आदर वाटला.

पाड्याच्या प्रश्नाला मात्र उत्तर मिळालं नाही. ३० सप्टेंबर २०२४ ला सरकारनं देशी गाईला राज्यमाता-गोमाता म्हणून जाहीर केलं आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी रोज पन्नास रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा काकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. "म्हणजे गोशाळेत नेऊन सोडली तर पैसे, आणि दावणीक बांदून पोसली तर कायच नाय?" या प्रश्नाचं उत्तर मलाही हवं आहे. जी घरं अजून देशी गाय दारात ठेवून आहेत, पाडा झाला तरी त्याला देवगड-निपाणी रस्त्यावर रात्री सोडून देत नाहीत, ती जात वाचवण्याचं काम फुकट करत आहेत. अनुदान द्यायचं तर पहिलं त्यांच्या दारात यायला हवं, आणि पाड्याला खच्ची करून कामाला लावणाऱ्याला दुप्पट. काकांच्या बागेत दोनशे कलमं आहेत. शेणखताची गाडी बाहेरून घ्यावी लागते तेव्हा तिचे पैसे मोजताना मी पाहतो. बैल नांगर ओढत नसला तरी शेण देतोच, पण शेणाचा हिशेब कोणी लिहीत नाही.

तीनच्या सुमाराला पावसानं जरा उसंत घेतली. डॉक्टरांनी वही पुन्हा उघडली. "बरं आबा, मोठा झाला की याच्या कानात बारा आकडी बिल्ला येईल. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही. पण बिल्ला सांगतो हा कोण. कुणाचा, ते आपण लिहायचं. गाईचं नाव?"

"तांबू."

"तिची आई?"

"मोरी. मोरीची आवस कवडी, तिच्या कपाळार कवडीएवढो चांदो होतो. कवडीची आवस चांदी. चांदी माझ्या लग्नात सासऱ्यान दिल्यान. तिच्या आवशीचा नाव माका ठावक नाय, ता मिठबावच्या सोयऱ्यांका इचारूक व्हया."

डॉक्टरांची पेन्सिल थांबली. पाड्यासकट पाच पिढ्या. माणदेशातल्या नावाजलेल्या गोठ्यांतसुद्धा त्यांनी इतकं सरळ उत्तर क्वचित ऐकलं असेल. काका आपले पेंढा सारखा करत होते. आपण काही विशेष सांगितलं असं त्यांना वाटलंच नाही.

"आणि बाप?"

"बापूस कसलो? सड्यार चरूक जायत. थय जो होतो तो."

वहीत आईच्या बाजूचे रकाने भरले आणि बापाच्या बाजूचे पाचही रिकामे राहिले. डॉक्टरांनी वही आमच्याकडे फिरवून दाखवली. आमच्या गुरांचं सगळं दुखणं त्या पानावर दिसत होतं. सड्यावर जोपर्यंत गावठीच सांड होते तोपर्यंत तो रकाना रिकामा राहिला तरी चालत होतं. आता रस्त्यावर जर्सीचे, होल्स्टिनचे मोकाट वळू फिरतात. रिकाम्या रकान्यात कोणीही शिरतो, आणि दोन पिढ्यांत वशिंड जातं.

तेवढ्यात गाय कण्हली, पाठ वाकवली आणि वार पडली. काका लगबगीनं उठले. ती अख्खी आहे का ते डॉक्टरांनी काठीनं पसरून पाहिलं. अख्खी होती. काकांनी ती टोपलीत घेतली, माडाच्या मुळाशी खड्डा काढून पुरली आणि हात धुऊन परत आले. येताना बोटांवर महिने मोजत होते.

"आषाढ, ज्येष्ठ, वैशाख..." मागं मागं जात ते अश्विनाशी थांबले. "नवरात्र. नवरात्रात तांबू दोन दिस घराक इलीच नाय. मी शोधूक गेलंय तर वरच्या वाडीत चिंचेखाली. थय तेंचो तो भुरो होतो. दुसरो कोण नव्हतो, कातळार मी सगळीकडे बघलंय."

"भुरा अजून आहे? खच्ची केलाय?"

"हा तर. खच्ची नाय केल्यानी."

"वशिंड आहे त्याला? शिंगं कशी?"

"वशिंड हा. शिंगां..." काकांनी डोळे मिटले, मग मान हलवली. "बघूक व्हया."

डॉक्टरांनी वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली. काकांनी खुंटीवरची छत्री काढली. गडग्याच्या कडेनं ते दोघे वरच्या वाडीच्या घाटीला लागले, आणि मी पाड्याला उचलून तांबूच्या कासेशी लावला.